गाढी नदी उलटी का वाहते?

परवा भाचीला घेऊन पनवेलला खाडीकडच्या एका पुलावर उभा होतो. तिने वरून एक वाळकं पान टाकलं आणि ओरडलीच, मामा नदी उलटी चाललीये! बघतो तर खरंच, पान समुद्राकडे जायचं सोडून माथेरानच्या दिशेने निघालेलं.

मुलांनो, ही गाढी नदी, आपल्या पनवेलची. छोटीशी नदी आहे, पावसाळ्यात तुडुंब आणि मे महिन्यात जागोजागी नुसती डबकी, म्हणून बऱ्याच जणांना तिचं नावही माहीत नसतं. पण तिच्याकडे बघून जेवढं शिकता येतं तेवढं मोठ्या नदीकडे बघून नाही येत, कारण हिचा उगम आणि शेवट दोन्ही एका दिवसात बघून होतं.

आधी त्या पानाचं बघू. समुद्राला रोज दोन वेळा भरती येते, चंद्र आणि सूर्य पाण्याला ओढतात म्हणून. एका भरतीपासून दुसरी भरती साधारण 12 तास 25 मिनिटांनी, म्हणजे आज जी दुपारी 2 वाजता आली ती उद्या तीनला दहा कमी असताना येणार. ठाण्याच्या खाडीतून हे पाणी पनवेलच्या खाडीत शिरतं आणि तिथून नदीच्या तोंडात. उन्हाळ्यात नदीकडे ढकलायला स्वतःचं पाणीच नसतं, मग भरती जिंकते आणि पान उलटं जातं. कोळी लोक भरतीची वेळ बिना मोबाईलची काढतात, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर 4 ची पाऊणपट 3, म्हणजे तीनच्या आसपास पूर्ण भरती. पनवेल आतल्या बाजूला आहे म्हणून इथे थोडा उशीर धरायचा.

आता वर जाऊ. माथेरान साधारण 800 मीटर उंच आहे आणि त्याची पश्चिमेची बाजू, सनसेट पॉइंटची, आपल्याकडे तोंड करून उभी आहे. पलीकडे प्रबळगड, आणि या दोघांच्या मधल्या दरीत धोदाणी गाव आहे त्या भागातले ओहोळ एकत्र होऊन गाढी होते. मला या जागेचं भारी कौतुक आहे, कारण माथेरानच्या सपाटीवर पाऊस पडला की पश्चिमेच्या उतारावरचं पाणी गाढीत येतं आणि पूर्वेच्या, नेरळच्या उतारावरचं पाणी उल्हास नदीत जातं, मग ते बदलापूर, कल्याण, ठाणे असं फिरत फिरत वसईच्या खाडीतून समुद्राला मिळतं. दोन थेंब शेजारी शेजारी पडले, आणि एक पनवेलला आला तर दुसरा वसईला. मधली जी उंच धार पाण्याची अशी वाटणी करते तिला जलविभाजक म्हणतात.

धोदाणीच्या खाली मालडुंग्याजवळ गाढेश्वरचं देहरंग धरण, पनवेलच्या नळाला इथलं पाणी येतं. मग नेरे, विचुंबे करत नदी शहरात शिरते. तुम्ही गेलात तर पायाखालचे दगड बघा हां. वर धोंडे एवढे मोठे की त्यावर बसून डबा खाता येईल, खाली आलं की गोल गोटे, मग वाळू आणि खाडीत नुसता चिखल. उतार कमी झाला की पाण्याचा जोर कमी होतो आणि जड माल आधी खाली पडतो. चिखलाचे कण मात्र इतके बारीक की ते पाण्यात तरंगतच राहिले असते, पण खाऱ्या पाण्यात ते एकमेकांना चिकटतात, त्यांचे गोळे होतात आणि बुडतात. घरी करून बघा, दोन ग्लासात गढूळ पाणी घ्या, एकात दोन चमचे मीठ घालून ढवळा, बहुतेक वेळा मिठाचं पाणी आधी निवळतं. याच चिखलात खारफुटी वाढते, तिची मुळं श्वास घ्यायला पेन्सिलीसारखी वर येतात, आणि त्यांच्यामधून निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, टुणटुण उड्या मारतात.

पावसाळ्याचं मात्र वेगळं आहे आणि हे पनवेलच्या प्रत्येक मुलाला माहीत असायलाच पाहिजे. फक्त एक चौरस किलोमीटरवर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी होतं 10 कोटी लिटर, म्हणजे 10 हजार लिटरचे 10 हजार टँकर, आणि गाढीच्या मागे असे कितीतरी चौरस किलोमीटर आहेत. डोंगर उभा, खडक काळा बसाल्ट, जिरतं कमी आणि धावतं जास्त, त्यामुळे थोड्याच तासात सगळं खाली येतं. त्याच वेळी उधाणाची भरती असली तर खाडी ते पाणी घेतच नाही, आणि मग ते बाजूला पसरतं, वस्त्यांमध्ये. म्हणून नदीकाठची मोकळी सखल जागा आणि खारफुटी मला इतकी महत्त्वाची वाटते, अडलेलं पाणी तिथेच थांबतं, तिथे भराव टाकला की तेच पाणी घरात येतं.

त्या दिवशी आम्ही पुलावर तासभर थांबलो. भाची दर दहा मिनिटांनी एक पान टाकत होती. पहिली तीन उलटी गेली, चौथं जरा हळू गेलं, पाचवं एकाच जागी गोल गोल फिरत बसलं, आणि सहावं खाडीकडे निघालं.