रिस्टोरेशन वेगळं, रेट्रोफिटिंग वेगळं

आमच्या गिरगावच्या चाळीत सागवानी खांबांना टेकू लागले की कुणीतरी म्हणतंच, एकदा रिस्टोरेशन करून घेऊ या, मग भूकंपाचीही भीती नाही. इथेच गल्लत होते. रिस्टोरेशन आणि रेट्रोफिटिंग, म्हणजे उभी वास्तू पुढच्या भूकंपासाठी मजबूत करणं, ही दोन वेगळी कामं आहेत, आणि फरक सगळ्यात नीट दिसतो तो भूकंपात हललेल्या जुन्या लाकडी चर्चमध्ये.

रिस्टोरेशन म्हणजे होतं तसं परत करणं. खांब खालून कुजला तर अख्खा खांब नाही काढायचा, कुजकं तेवढं कापून त्याच जातीचं लाकूड सांधायचं. चिलीतल्या चिलोए बेटांवरची लाकडी चर्चं घ्या, त्यातली 16 युनेस्कोच्या यादीत आहेत, तिथे जुन्या सुतारांनी सांध्यात लाकडी खुंट्या ठोकल्यात, मग दुरुस्तीतही खुंटीच, स्क्रूने काम भले अर्ध्या वेळात होवो.

रेट्रोफिटिंगवाल्याला 'होतं तसं' पुरत नाही, कारण होतं तसं असतानाच तर ते हललं ना! त्याचा डोळा पुढच्या धक्क्यावर. लाकूड हलकं आणि लवचीक, ते सहसा तुटत नाही, सांधे निसटतात नाहीतर सगळा सांगाडाच जोत्यावरून सरकतो, म्हणून सांगाडा जोत्याला बोल्टने बांधायचा, सांध्यांवर पोलादी पट्ट्या मारायच्या आणि आतल्या फळ्यांमागे प्लायवूड ठोकायचं म्हणजे भिंत तिरकी होत नाही. हे शक्यतो झाकलेलं असतं, बघणाऱ्याला कळतच नाही, म्हणून लोक दोन्हीला एकच नाव देतात.

खरी गंमत न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या नॉक्स चर्चची. 1902 ची वास्तू, 22 फेब्रुवारी 2011 च्या 6.3 च्या धक्क्यात बाहेरच्या विटांच्या भिंती गेल्या, आतलं लाकडी छत राहिलं. (वजनाचा खेळ आहे सगळा, 1993 ला किल्लारीत दगडमातीच्या जड भिंतींनीच घात केला.) छत ठेवलं, भिंती मात्र नव्या डिझाइनच्या. मला विचाराल तर छताचं जतन झालं, बाकी सरळ नवं बांधकाम.

आणि आपल्याकडे जीर्णोद्धाराच्या नावाखाली देवळाचा लाकडी सभामंडप पाडून आरसीसी ओततात, वर टाइल्स, ते तर यातल्या कशातच बसत नाही.

चाळीच्या मीटिंगमध्ये कॉन्ट्रॅक्टरला एवढंच विचारा, एस्टिमेटमध्ये सांध्यांचं काम धरलंय का, की कुजकी तुळई बदलून वर नुसता रंग?