डब्लिनच्या ट्रामचे रूळ वेगळ्या मापाचे?

डब्लिनच्या 'लुअस' ट्रामबद्दल एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरतेय: लाल आणि हिरव्या मार्गाचे रूळ वेगळ्या मापाचे (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर वेगळं) टाकले, म्हणून ते जोडताच आले नाहीत. साफ चूक! २००४ मध्ये सुरू झालेल्या या दोन्ही मार्गांचं माप १,४३५ मिलिमीटरच आहे. (१,६०० मिलिमीटर आहे ते आयर्लंडच्या रेल्वेचं; घोळ बहुधा तिथूनच.)

अडचण साधी होती. मधल्या भागात रूळच नव्हते. हिरव्या मार्गाच्या शेवटच्या थांब्यावर, सेंट स्टीफन्स ग्रीनला उतरायचं आणि लाल मार्गावरच्या अ‍ॅबी स्ट्रीटपर्यंत पायपीट करायची. डिसेंबर २०१७ मध्ये हिरवा मार्ग लाल मार्गाला छेदून ब्रूमब्रिजपर्यंत गेला. त्या चौकाजवळ एक वळणाचा रूळही आहे; त्यावरून रिकाम्या ट्राम एका मार्गावरून दुसऱ्यावर नेता येतात. माप वेगळं असतं, तर चाकं तिथेच घसरली असती.