माजी रहिवाशांच्या संपत्तीवरील राज्यकराची मर्यादा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एक घटक राज्य सोडून दुसऱ्या राज्यात कायमच्या राहायला गेलेल्या व्यक्तीच्या संपत्तीवर जुन्या राज्याला कुठवर कर लावता येतो, यासंबंधीची संविधानिक व वैधानिक बंधने. स्थावर मालमत्तेबाबत फारसा वाद नाही. मालक कुठेही राहो, जमिनीवर कर घेते ते जमीन जिथे आहे ते राज्य. अडचण आहे ती समभाग, रोखे यांसारख्या अमूर्त मालमत्तेची. ती मालकाच्या अधिवासाशी, म्हणजे त्याच्या कायमच्या राहण्याच्या ठिकाणाशी, जोडलेली मानली जाते आणि त्याच्याबरोबरच सीमेपलीकडे जाते.

अधिवास ठरवणेही सोपे नसते. हेटी ग्रीन या धनाढ्य बाईंचे पुत्र एडवर्ड ग्रीन 1936 मध्ये वारले, तेव्हा टेक्सस, फ्लॉरिडा, न्यूयॉर्क व मॅसॅचूसेट्स या चार राज्यांनी ते आपलेच रहिवासी असल्याचे सांगत मृत्युकर मागितला. संघशासनाचा कर धरून सगळ्या मागण्यांची बेरीज मिळकतीपेक्षाही मोठी होत होती. सर्वोच्च न्यायालयाने 1939 मध्ये मॅसॅचूसेट्सचा हक्क मान्य केला.

मुख्य बंधन चौदाव्या घटनादुरुस्तीतील यथोचित कायदेशीर प्रक्रियेच्या तत्त्वाचे आहे : ज्यावर कर बसवायचा ती व्यक्ती, मालमत्ता किंवा व्यवहार आणि राज्य यांच्यात काही निश्चित दुवा असला पाहिजे. 2019 च्या केस्टनर न्यासाच्या (कौटुंबिक ट्रस्टच्या) खटल्यात लाभार्थी आपल्या राज्यात राहतात एवढ्याच आधारावर नॉर्थ कॅरोलायनाने न्यासाच्या उत्पन्नावर घेतलेला कर न्यायालयाने एकमताने अवैध ठरवला. लाभार्थींना त्या वर्षांत न्यासातून काहीच मिळाले नव्हते आणि ते मागण्याचा हक्कही नव्हता. आंतरराज्य व्यापाराचे कलम आणि राज्याराज्यांत मुक्तपणे जाऊन स्थायिक होण्याचा हक्क यांचाही आधार घेतला जातो.

या मर्यादांची चर्चा रंगली ती कॅलिफोर्नियाच्या 2020 मधील विधेयकामुळे. तीन कोटी डॉलरांवरील निव्वळ संपत्तीवर वर्षाला 0.4 टक्के कर सुचवून, राज्य सोडून गेलेल्यांकडूनही मागील 10 वर्षांपैकी जितकी वर्षे त्यांनी तिथे काढली त्या प्रमाणात तो वसूल करावा, अशी त्यात तरतूद होती. म्हणजे नऊ वर्षे राहून गेलेल्याला नऊ दशांश कर. ही संपत्ती राज्यात राहतानाच कमावलेली असते, हे समर्थकांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. पण आकारणी होणार होती ती माणूस निघून गेल्यानंतरच्या वर्षांतील मूल्यावर, आणि दुवा नेमका तिथेच कच्चा पडतो. विधेयक संमत झाले नाही.

निवृत्तिवेतनाबाबत मात्र काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, 1996 मध्येच कायदा करून प्रश्न निकालात काढला. कॅलिफोर्नियासारखी राज्ये नेव्हाडात जाऊन राहिलेल्या वृद्धांच्या निवृत्तिवेतनावर कर मागत असत. 31 डिसेंबर 1995 नंतर मिळालेल्या अशा उत्पन्नावर अनिवासी व्यक्तीकडून कर घेण्यास राज्यांना मनाई झाली.

कॅलिफोर्नियात 2025 मध्ये पुढे आलेल्या लोकप्रस्तावाने (थेट मतदारांपुढे ठेवायच्या प्रस्तावाने) राज्य सोडून गेलेल्यांवरील दहा वर्षांचे शेपूट सोडून दिले. 1 जानेवारी 2026 रोजी राज्यात राहणाऱ्या अब्जाधीशांवर एकदाच 5 टक्के कर, असे त्याचे स्वरूप असल्याने तिथे वाद माजी रहिवाशाशी असलेल्या दुव्यापेक्षा पूर्वलक्षी, म्हणजे मागच्या तारखेपासून लागू होणाऱ्या, आकारणीचा अधिक आहे.