पाट्यांपासून एसआरटीपर्यंत: मराठी कॅप्शनची पार्श्वभूमी

हलत्या चित्राला अक्षरांची जोड ही मुंबईला नवी नाही. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. चित्रपट मुका, त्यामुळे गोष्ट सांगायचं काम मधल्या पाट्यांकडे. १४ मार्च १९३१ला गिरगावातल्याच मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' आला आणि पडदा बोलू लागला. पाट्या गेल्या, नामावली उरली.

टीव्हीने अक्षरं पुन्हा चित्रावर आणली. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. पुढे वृत्तवाहिन्यांत नावाच्या पट्टीला 'ॲस्टन' म्हणू लागले. ते मुळात अशी यंत्रं बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीचं नाव.

मराठीची खरी रखडपट्टी झाली ती एडिटिंग कंप्युटरवर आल्यावर. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण काढतात व्यंजनाच्या आधी. युनिकोडमध्येही, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या कंप्युटरच्या सामाईक मानकातही, ती व्यंजनानंतरच साठवली जाते. तिला उचलून व्यंजनाआधी बसवणं हे सॉफ्टवेअरचं काम. देवनागरी न समजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गिरगावचं सरळ 'गरिगाव' व्हायचं आणि चर्चगेटचा रफार खाली उतरून पाय मोडलेला र् दिसायचा. म्हणून मराठी एडिटर श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टांत मजकूर टाइप करत, फोटोशॉपमध्ये त्याचं चित्र करत आणि ते टाइमलाइनवर ठेवत. दिसायला फक्कड. पण क्लायंटने एक अनुस्वार बदलायला सांगितला की सगळं पुन्हा.

या जुगाडाची दुसरी अडचण मोठी होती. व्हिडिओसोबत वेगळी जोडायची कॅप्शनची एसआरटी फाइल म्हणजे साधा मजकूर: अनुक्रमांक, ओळ कधी यावी नि कधी जावी ती वेळ, आणि खाली वाक्य. तिच्यात फॉन्ट जात नाही. जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार दाखवत, म्हणून त्यांतलं मराठी तिथे टाकलं की इंग्रजी अक्षरांचा चिवडा हाती येतो. त्यामुळे युनिकोड रुळेपर्यंत मराठीत बंद-चालू करता येणारी कॅप्शन जवळपास अशक्यच होती. प्रीमियर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये आता 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' हे टेक्स्ट इंजिन निवडलं की जोडाक्षरं नीट बसतात. मुंबईच्याच एक टाइप या मंडळींचा 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्टही फुकट मिळतात, ही मोठीच सोय.

मग मोबाइल आला. २९ जून २०२०ला टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणली. लोकलमध्ये आवाज बंद ठेवून बघणाऱ्यांसाठी कॅप्शन हवंच झालं. पण ॲपमधले तयार साचे बहुधा रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेले. ओळींतलं अंतर वाढवलं नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो.

आणि बहुतेक रील्सवर अक्षरं चित्रातच भाजलेली, म्हणजे कायमची मिसळलेली असतात. ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकाला ती मोठी करता येत नाहीत, रंग बदलता येत नाही. एसआरटी वेगळी जोडली तर प्लेअरवर बहुतेक वेळा हे जमतं. एडिटरने एक्स्पोर्ट करताना ती फाइलही काढायची, एवढंच काम आहे; पण क्लायंट मागत नाही, म्हणून कोणी देत नाही.