एक्ससीटीची अँटीबॉडी आणि ५५-३५चा घोळ

ग्लुटाथायोन (पेशींना ऑक्सिडेशनच्या नुकसानीपासून वाचवणारा छोटा रेणू) यीस्टमध्ये १८८८ साली सापडलं आणि त्याला आजचं नाव १९२१मध्ये मिळालं. ते मागेच राहू द्या. आपला विषय आहे एक्ससीटी हे प्रथिन आणि ते ओळखायला वापरल्या जाणाऱ्या अँटीबॉड्या, म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटणारी प्रथिनं. त्याचा भाग १९८०च्या दशकात सुरू होतो. माणसाच्या फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतल्या) पेशी सिस्टीनचा एक रेणू आत घेतात आणि बदल्यात ग्लुटामेटचा एक रेणू बाहेर टाकतात, हे तेव्हा दिसलं. आत आलेल्या सिस्टीनपासून सिस्टेइन होतं आणि ग्लुटाथायोन बनवायला लागतं ते हेच. (देवनागरीत ही दोन नावं इतकी सारखी दिसतात, की मुद्रितशोधकाची दयाच यावी.)

या वाहतुकीचं नाव 'सिस्टिम एक्स-सी मायनस'. त्यातला छोटा एक्स म्हणजे सोडियमवर न चालणारी, सी म्हणजे सिस्टीन आणि मायनस म्हणजे ऋणभार. १९९९मध्ये उंदराच्या मॅक्रोफेजमधून (रोगप्रतिकारक पेशींमधून) ही वाहतूक करणाऱ्या प्रथिनाचं जीन क्लोन झालं आणि त्या प्रथिनाला एक्ससीटी म्हणू लागले. जीनच्या यादीत मात्र ते एसएलसी७ए११ आहे. त्यामुळे एकच अँटीबॉडी दोन नावांनी विकली जाते आणि नवखा माणूस दोन्ही मागवून बसतो.

खरा वाद वजनाचा. माणसाच्या एक्ससीटीत ५०१ अमिनो आम्लं असतात. हिशेबाने वजन साधारण ५५ किलोडाल्टन भरतं, म्हणून अँटीबॉडीच्या डेटाशीटवर ५५ छापलेलं असतं आणि ब्लॉटवर (प्रथिनं जेलमध्ये वजनानुसार वेगळी करून अँटीबॉडीने शोधतात, त्या चाचणीत) त्याच उंचीला बँड, म्हणजे पट्टी, दिसला की सगळे खूश. पण हे प्रथिन पेशीपटलातून १२ वेळा आरपार जातं. अशी पाणी टाळणारी प्रथिनं एसडीएस (प्रथिनं उलगडायला घालतात ते साबणासारखं रसायन) जास्त धरतात, पूर्ण उलगडत नाहीत आणि जेलमध्ये हिशेबापेक्षा पुढे पळतात. त्यामुळे खरा बँड बहुतेक वेळा ३५ ते ४०च्या पट्ट्यात येतो. त्यात नमुना नेहमीसारखा ९५ अंशांवर उकळला, तर प्रथिन गोळा होऊन वरच अडकतं. मग ज्याला दोष द्यायचा ते सोडून लोक अँटीबॉडीलाच नावं ठेवतात.

२००५मध्ये हे जीन काढून टाकलेले (नॉकआउट) उंदीर तयार झाले. ते वरवर धडधाकट होते, प्रजननही करत होते, फक्त रक्तात ग्लुटाथायोन कमी आणि सिस्टीन जास्त. त्याच वर्षी एका करड्या केसांच्या जुन्या उत्परिवर्ती उंदराचं कोडंही याच जीनशी जुळलं. अँटीबॉडीची खरी परीक्षा अशा उंदरांच्या ऊतींवरच होऊ शकते. २०१६मध्ये बाजारातल्या अनेक अँटीबॉड्या तशा तपासल्या गेल्या, तेव्हा काहींचे बँड नॉकआउट उंदरातही तसेच राहिले. प्रथिनच नसलेल्या ठिकाणी बँड! ऊतींच्या रंगवलेल्या कापांवर तर गोंधळ आणखी मोठा.

हे सगळं उशिरा उघड झालं, कारण आधी फारशी घाई नव्हती. २०१२मध्ये 'फेरोप्टोसिस' (लोहावर अवलंबून असलेला पेशीमृत्यूचा प्रकार) हा शब्द रूढ झाला आणि कर्करोगाच्या प्रयोगशाळा एक्ससीटीकडे वळल्या. मागणी वाढली, पण जुन्या ५५च्या आकड्याकडे परत पाहायला कुणाला सवड नव्हती. अजूनही शोधनिबंधांत ५५चा ठसठशीत बँड दिसतो, शेजारी तुलनेसाठी घेतलेल्या ॲक्टिन या प्रथिनाची नीटनेटकी ओळ. नॉकआउट उंदराच्या नमुन्याची लेन मात्र बहुतेकदा नसते.