जामिनाचा बाँड आणि प्रोबेशनचा बाँड

कोल्हापुरातल्या कसबा बावड्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात हे दोन बाँड ओळखू येत नाहीत. तसाच छापील कागद, जामीनदाराचं आधार कार्ड, सातबारा किंवा पगाराची स्लिप, खाली सह्या. सुटलेला माणूसही घरी एकच सांगतो, ‘जामीन झाला न्हवं, सुटलो की.’ प्रोबेशन, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर मिळालेली मोकळीक, मोडायची सुरुवात बऱ्याचदा याच समजुतीतून होते.

जामीन खटला संपण्याआधीचा. गुन्हा अजून सिद्ध व्हायचा असतो आणि मुख्य अट तारखेला हजर राहण्याची असते. सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिलं की वॉरंट निघतं, बाँडची रक्कम जप्त होऊ शकते आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम २६९ खाली वर्षभरापर्यंत कैदेचा वेगळा गुन्हा लागू शकतो.

प्रोबेशन दोष सिद्ध झाल्यानंतरचं. कोर्ट शिक्षा सुनावत नाही, राखून ठेवतं. अपराधी परिवीक्षा (म्हणजे प्रोबेशन) अधिनियम, १९५८ च्या कलम ४ खाली, फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा नसलेल्या गुन्ह्यात, चांगल्या वर्तणुकीचा बाँड जास्तीत जास्त तीन वर्षांचा घेता येतो. परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख लावली तर ती किमान एक वर्षाची. म्हणजे ‘सुटलो’ म्हणणाऱ्याच्या डोक्यावर सिद्ध झालेला गुन्हा तसाच असतो.

दोघांचं मूळ मात्र एकाच घरातलं. १८४१ साली बॉस्टनमधले जोडे बनवणारे कारागीर जॉन ऑगस्टस एका दारुड्याला जामीन राहिले. तीन आठवड्यांनी तो शुद्धीवर, नीटनेटका कोर्टापुढे उभा राहिला आणि कैदेऐवजी नाममात्र दंडावर सुटला. प्रोबेशनची चाल तिथून पडली.

खरा फरक तारखेचा. जामिनावरच्या माणसाला वकिलाचा फोन येतो, बोर्डावर नाव लागतं, जामीनदार आठवण करतो. प्रोबेशनमध्ये तारखा पडत नाहीत. वकिलाचं काम संपलेलं असतं. सहाव्या महिन्यात घरमालक खोली खाली करायला लावतो, माणूस शिरोलीहून इचलकरंजीला यंत्रमागावर जातो, सिमकार्ड बदलतं आणि अधिकाऱ्याचं पत्र जुन्या दाराला लागून परत जातं. वर्तणूक बिघडलेली नसते, तरी कागदावर माणूस बेपत्ता.

म्हणून पत्ता आणि काम या दोन गोष्टींवर सगळ्यात जास्त लक्ष द्यावं. कायदाही तेच पाहतो: अपराध्याचा किंवा जामीनदाराचा कोर्टाच्या हद्दीत, किंवा बाँडच्या काळात अपराधी जिथे राहणार तिथे, कायमचा ठिकाणा किंवा नियमित कामधंदा हवा. खोली बदलण्याआधी नवा भाडेकरार, मोबाईल नंबर आणि ऑर्डरची नक्कल घेऊन अधिकाऱ्याला भेटावं. अटी बदलण्याची शिफारस कोर्टाकडे त्यांच्याकडूनच जाते. भेटीची वेळ पहिल्या पाळीत येत असेल तर कारखान्याचं पाळीपत्रक दाखवून दुसऱ्या पाळीच्या आठवड्यातला दिवस मागावा. हजेरीपायी रोज बुडत राहिला की नोकरी जाते आणि नोकरीमागोमाग हजेरीही सुटते. कॅनडातले गुन्हेगारी मानसशास्त्राचे अभ्यासक अँड्र्यूज आणि बाँटा यांच्या कामाने हेच ठसवलंय: धोका कमी असलेल्या माणसावर जादा देखरेख लादली, तर त्याला सावरून धरणारी नोकरी आणि घर हीच विस्कटतात. दुसरीकडे, दारू आणि जुनी संगत हा धोका असेल, तर नुसती सही घेऊन काही होत नाही. व्यसनमुक्तीचे उपचार आणि पगाराच्या दिवसाचं नियोजन ठरवूनच घ्यावं लागतं.

अट मोडली म्हणजे लगेच कळंबा जेल, असंही नाही. पहिल्यांदा चूक झाली तर परिवीक्षा अधिनियमाच्या कलम ९ खाली कोर्ट बाँड कायम ठेवून पन्नास रुपयांपर्यंत दंड लावू शकतं. तो मुदतीत भरला नाही, तर मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावता येते. भीतीपोटी दडून बसणारा म्हणूनच जास्त अडकतो. पहिल्या नोटिशीलाच हजर झालेल्यासाठी वाट उघडी असते.

नोकरीबाबत एक गैरसमज फार पसरलाय. कलम १२ मुळे दोषसिद्धीपायी येणारी कायदेशीर अपात्रता टळते. पण ज्या वागणुकीमुळे गुन्हा लागला, तिच्यावरून खात्याने केलेली कारवाई त्यामुळे आपोआप पुसली जात नाही. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने बक्षी राम प्रकरणात तसं स्पष्ट केलंय.

जामीनदार दोन्हीकडे अडकतो. सही करताना त्याने ऑर्डरची एक नक्कल आपल्याकडे ठेवावी आणि बाँड संपण्याचा दिवस घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा. कोर्टाकडून आठवण येणार नाही.