ग्रिवित्सा आणि स्मर्दान : एका युद्धातले दोन हल्ले आणि एक चित्र

रुमानियन चित्रकार निकोलाए ग्रिगोरेस्कू यांचे सर्वांत गाजलेले युद्धचित्र पाहिले की अनेकांच्या मनात पहिल्यांदा प्लेव्हनाचे नाव येते. १८७७–७८ च्या रशिया-तुर्कस्तान युद्धातील तेच सर्वांत प्रसिद्ध रणक्षेत्र असल्यामुळे असे होणे स्वाभाविक आहे. परंतु हे चित्र प्लेव्हनाजवळच्या ग्रिवित्सा येथील हल्ल्याचे नसून त्यानंतर सुमारे साडेचार महिन्यांनी झालेल्या स्मर्दानच्या हल्ल्याचे आहे. दोन्ही लढाया आजच्या बल्गेरियाच्या भूमीवर, उस्मानी सैन्याविरुद्ध, रुमानियाने मे १८७७ मध्ये घोषित केलेल्या स्वातंत्र्यासाठी झाल्या. दोन्हींत तेच शेतकरी शिपाई लढले. म्हणूनच घोटाळा होतो.

तारखांनी या घोटाळ्यात भरच घातली आहे. रुमानियात त्या काळी जुने, म्हणजे ज्युलियन कॅलेंडर चालत असे आणि ते आजच्या कॅलेंडरच्या बारा दिवस मागे होते. त्यामुळे ग्रिवित्साचा हल्ला कुठे ३० ऑगस्टचा तर कुठे ११ सप्टेंबर १८७७ चा लिहिलेला आढळतो आणि स्मर्दानचा १२ किंवा २४ जानेवारी १८७८ चा. दोन्ही नोंदी बरोबरच असतात.

ग्रिवित्सा हा प्लेव्हनाच्या तटबंदीचा एक भाग होता. समोर एकच मातीचा बुरूज आहे अशा समजुतीने रुमानियन तुकड्या पुढे सरकल्या आणि पहिल्या बुरुजापलीकडे, मध्ये एक घळ सोडून, दुसराही बुरूज आहे हे त्यांना ऐन हल्ल्यात कळले. पावसाने चिखल झालेल्या उतारावरून त्या पुन्हा पुन्हा चढल्या. मेजर शोंत्सू आणि कॅप्टन वाल्तेर मराचिनेआनू तिथेच पडले. रशियन सैन्याच्या साथीने पहिला बुरूज हाती आला, दुसरा आला नाही. पुढे वेढा आवळला गेला आणि १० डिसेंबरला तिथला उस्मानी सेनापती उस्मान पाशाने शरणागती पत्करली, तेव्हाच प्लेव्हना पडले.

स्मर्दानची गोष्ट त्या मानाने लहान आहे. विदिनच्या किल्ल्याभोवतीच्या तटबंदीतले हे एक गाव. इथे रशियन सैन्य सोबत नव्हते. रुमानियनांनी बर्फावरून चाल करून ठाणे स्वबळावर घेतले आणि नंतर आठवडाभरातच शस्त्रसंधी झाली. लष्करी वजन पाहिले तर ग्रिवित्सा कितीतरी मोठे. तरीही रुमानियन चित्रकलेच्या इतिहासात मानाची जागा मिळाली ती स्मर्दानला, आणि याचे कारण, माझ्या मते, लढाईत नसून चित्रात आहे.

ग्रिगोरेस्कू १८७७ मध्ये सैन्यासोबत होते आणि ग्रिवित्सा व राहोवा येथे त्यांनी जागेवर रेखाटने केली होती. बुखारेस्टच्या नगरपालिकेने १८७८ मध्ये सोपवलेले स्मर्दानचे चित्र मात्र १८८५ मध्ये पुरे झाले. म्हणजे ग्रिवित्साच्या आसपास तयार झालेली नजर स्मर्दानच्या चित्रात उतरली असे म्हणायला जागा आहे, आणि तेवढ्यापुरता पाहणाऱ्याचा गोंधळ अगदीच निराधार नाही. फ्रान्समधल्या बार्बिझों गावच्या निसर्गचित्रकारांमध्ये शिकलेल्या या चित्रकाराने घोड्यावरचा सेनापती मध्यभागी ठेवला नाही. शिपायांचा विस्कळीत लोंढा थेट पाहणाऱ्याच्या अंगावर धावून येतो.

हे शिपाई दोरोबांत्स, म्हणजे आळीपाळीने चाकरी करून एरवी घरची शेती करणारे पायदळ. डोक्यावर कोकराच्या कातड्याची टोपी आणि तिच्यात टर्कीचे पीस. त्या पिसावरूनच त्यांना ‘कुर्कान’, म्हणजे टर्की, हे टोपणनाव पडले. पायांत लष्करी बूट नसून खेड्यातली चामड्याची साधी पादत्राणे असत. मात्र टोपी आणि पीस पाहून लढाई ओळखता येत नाही, कारण हेच शिपाई ग्रिवित्सालाही होते. ओळखीची खूण ऋतूत आहे: ग्रिवित्सा म्हणजे सप्टेंबरचा पाऊस, धुके आणि चिखल, स्मर्दान म्हणजे जानेवारीतली थंडी आणि बर्फ.

बुखारेस्टमध्ये आज दोन्ही नावांचे रस्ते आहेत. ग्रिवित्साचा लांबलचक हमरस्ता उत्तर रेल्वेस्थानकाजवळून जातो, तर स्मर्दानचा छोटा रस्ता जुन्या बाजारपेठेत आहे. बल्गेरियातल्या त्या गावाचे नाव मात्र आता इनोव्हो आहे. नकाशावर स्मर्दान शोधणाऱ्याने विदिनजवळ हेच नाव पाहावे.